वडीलधाऱ्यांचे घर आणि थकलेली घरपट्टी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत अशी मंडळाच्या चिटणिसांनी आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्हांस काही काळ विचार पडला. विद्येचे महत्त्व, हुंड्याची अनिष्टता, लग्नकार्यातील काटकसर, गरजू विद्यार्थ्यांस साहाय्य, या विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे आपण येथे ऐकलेली आहेत. आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या प्राथमिक शिक्षकाने त्यांत भर ती काय घालावी? म्हणून पुस्तक वाचून जे कळले नाही, परंतु घरावर बेतल्यावर कळले, तेच आपणांपुढे मांडावयाचे आम्ही ठरविले. विषय रूक्ष आहे, कचेरीतला आहे. तो म्हणजे घरपट्टी. आणि तीही गावी एकटे राहणाऱ्या वृद्ध आईवडिलांच्या घराची थकलेली घरपट्टी.

आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबांची आजची मांडणी आपण डोळ्यांपुढे आणावी. आजोबांनी किंवा वडिलांनी तालुक्याच्या गावी घर बांधले. मुले शिकली, आणि पोटापाण्यासाठी मुंबईस, पुण्यास, नाशिकास, कोणी परदेशीही गेली. घरात उरली ती आई, किंवा वडील, किंवा दोघेही. गणपतीस व दिवाळीस घर भरते. चार दिवसांनी पुन्हा कुलपे, पुन्हा एकटी समई. आम्ही मुले दूरध्वनीवरून रोज विचारतो, "जेवलीस का? औषध घेतलेस का? गुडघा कसा आहे?" हे विचारणे योग्यच आहे. परंतु "घरपट्टी भरलीस का?" असे आपणांपैकी कितीजणांनी आजवर विचारले आहे? आम्ही तरी कधीच विचारले नव्हते.

आता घडलेली हकीकत सांगतो. आमचे तीर्थरूप सन २०१६ मध्ये निवर्तले. ते हयात असेतोपर्यंत घरपट्टीची पावती दरवर्षी न चुकता तारेत ओवली जात असे. त्यांच्या मागे मातोश्री एकट्याच त्या घरात राहिल्या. आम्ही भावंडे तीन: आम्ही, पुण्यास नोकरी करणारा धाकटा बंधू आणि नाशिकास दिलेली भगिनी. सन २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही काही कारणाने अवचित गावी गेलो, तो दारावर नगरपरिषदेचा कागद डकविलेला दिसला. सात दिवसांत थकबाकी न भरल्यास मालमत्तेवर जप्तीची कारवाई करण्यात येईल, असा त्यातील मजकूर होता. खाली रक्कम होती रुपये ४३,३४४. मातोश्रींनी त्या कागदावर घरातील दिनदर्शिका टांगून तो झाकण्याचा प्रयत्न केलेला होता. शेजाऱ्यांस दिसू नये म्हणून.

आम्ही आत गेलो. काही न बोलता हातपाय धुतले, चहा घेतला, आणि मग म्हटले, "आई, आणखी असे कागद असतील ते दे." त्या उठल्या आणि देवघराखालच्या फडताळातून कापडात बांधलेले एक पुडके त्यांनी आणून दिले. सात वर्षांची देयके, मागणीच्या नोटिसा, सर्व काही नीट घडी घालून ठेवलेले होते. एकही कागद त्यांनी टाकला नव्हता आणि एकही दाखविला नव्हता. आमच्या तोंडून एवढेच निघाले, "अग, एका शब्दाने सांगायचे नाहीस का?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी उभ्या जन्मात कोणाचे देणे ठेवले नाही. मी ठेवले, हे तुम्हांला कोणत्या तोंडाने सांगू?"

श्रोतेहो, या एका वाक्यात या विषयाचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. वृद्ध माणसे देणे लपवितात ती बहुधा लबाडीने नव्हे. लाजेने लपवितात, आणि मुलांवर भार नको या मायेने लपवितात. पुढे थोडे थोडे करून जे बाहेर आले ते असे. वडिलांच्या निधनानंतर पहिले देयक त्यांच्याच नावाने आले. ते घेऊन मातोश्री कचेरीत गेल्या. तेथे त्यांस सांगण्यात आले, "हे मयताच्या नावावर आहे, वारसांची नोंद करून आणा." सांगणाऱ्याने कदाचित नोंदीपुरतेच सांगितले असेल, मातोश्रींनी मात्र असा अर्थ घेतला की, नाव बदलेपर्यंत आपले पैसे कोणी घेणारच नाही. नाव बदलण्यास मुलांच्या सह्या हव्यात, मुलांना रजा नाही, सुनेचे बाळंतपण, नातवाच्या कॉलेजची फी, असे करीत एक वर्ष गेले. दुसऱ्या वर्षी रक्कम वाढलेली पाहून त्या बिचकल्या. तिसऱ्या वर्षापासून पाकीट उघडण्याचेच त्यांनी सोडले. पुढे २०२० साली करोनाची साथ आली आणि कोठे जाणे-येणेच खुंटले.

वास्तविक कर भरण्यासाठी नाव बदललेले असावेच लागते असे नाही. मालमत्ता क्रमांक सांगून देयकाची रक्कम कोणीही भरू शकतो. पावती त्या मालमत्तेच्या खाती जमा होते. वारसनोंद हे वेगळे काम आहे आणि ते सवडीने करता येते. हा एवढासा खुलासा त्या वेळी कोणी केला असता, किंवा आम्ही विचारले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

आता ही रक्कम एवढी फुगली कशी, ते पाहू. आम्ही पस्तीस वर्षे मुलांना मुद्दल, दर आणि मुदत यांची उदाहरणे फळ्यावर शिकविली. पण आपल्याच आईचे घर त्या उदाहरणात बसले आहे याची आम्हांस दाद नव्हती. घराची वार्षिक पट्टी ३,६०० रुपये होती. नगरपरिषदेच्या हद्दीत मुदतीत न भरलेल्या करावर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. दोन टक्के हा आकडा ऐकण्यास लहान वाटतो. परंतु तो दरमहाचा आहे, म्हणजे वर्षास चोवीस टक्के झाला. ३,६०० रुपयांवर महिन्यास ७२ आणि वर्षास ८६४ रुपये. सन २०१६-१७ चे देयक सहा वर्षे थकले, त्याच्या पुढचे पाच वर्षे, त्याच्या पुढचे चार, याप्रमाणे एकंदर एकवीस वर्षांची शास्ती झाली. ८६४ गुणिले २१ म्हणजे १८,१४४ रुपये. सात वर्षांचा मूळ कर २५,२०० रुपये. दोहोंची बेरीज ४३,३४४. गणितात कोठेही चूक नव्हती. जुने देणे जितके जुने तितके ते जड, हे येथे ध्यानात घ्यावे; म्हणून पैसे थोडेच असतील तर ते आधी सर्वांत जुन्या वर्षाकडे जमा होतात की नाही, हे पावतीवर पाहून घ्यावे.

पुढचा प्रश्न असा की, घर खरोखरच जाते काय? कित्येकांची समजूत अशी असते की नगरपालिका नोटिसा पाठविते, पण करीत काही नाही. ही समजूत घातक आहे. लहान शहरांस महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा कायदा लागू आहे. त्याची वसुलीची पायरी अशी आहे. प्रथम देयक येते. पंधरा दिवसांत ते न भरल्यास मागणीची नोटीस निघते. त्या नोटिशीपासून पंधरा दिवसांत रक्कम भरली नाही, किंवा न भरण्याचे सबळ कारण दाखविले नाही, तर अधिपत्र, म्हणजे ज्यास आपण वॉरंट म्हणतो ते, निघू शकते. त्यानुसार जंगम माल जप्त करता येतो, घर अटकावून ठेवता येते, आणि शेवटी त्याचा लिलावही करता येतो. शिवाय मालमत्ता कर हा त्या घरावरील बोजा असतो. शासनाचा जमीन महसूल सोडला तर इतर देण्यांच्या आधी त्याचा मान आहे. मालक मरण पावला म्हणून तो मिटत नाही, घर विकले म्हणूनही सुटत नाही. तो घरासंगे चालतो. प्रत्यक्षात लिलाव व्हावयास वेळ लागतो हे खरे; पण मार्चअखेर जवळ आली की वसुली पथके हिंडू लागतात, नळ तोडला जातो, थकबाकीदारांची नावे चौकात झळकतात. ज्या माउलीने दिनदर्शिका टांगून एक कागद झाकला, तिचे नाव चौकातील फलकावर लागले तर तिचे काय होईल, याचा विचार आपणच करावा.

आमच्या हाती सात दिवस होते. त्यांत आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो. कारण उपयोगाचे असेल तर तेच आहे.

पहिल्या दिवशी सर्व कागद सालवार लावले. देयके एकीकडे, नोटिसा एकीकडे, वडिलांच्या तारेतील जुन्या पावत्या एकीकडे. मालमत्ता क्रमांक व प्रभाग क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून घेतले. रात्री बंधूस व भगिनीस दूरध्वनी केला. दुसऱ्या दिवशी मातोश्रींच्या सहीचे अधिकारपत्र घेऊन आम्ही कचेरीत गेलो आणि सालवार थकबाकीचा लेखी उतारा मागितला. नुसती तोंडी सांगितलेली एकूण रक्कम ऐकून परतू नये. कोणत्या वर्षाचा मूळ कर किती, शास्ती किती, नोटीस व अधिपत्राचा खर्च लावला असल्यास तो किती, हे वेगवेगळे दिसले पाहिजे. देयकात घरपट्टीबरोबर वृक्षकर, शिक्षणकर, अग्निशमन कर, पाणीपट्टी अशा बाबी असतात, त्याही पाहाव्यात.

उतारा घरी आणून पुडक्यातील कागदांशी ताडून पाहिला, आणि दोन गोष्टी निघाल्या.

पहिली अशी की, सन २०१७-१८ चे ३,६०० रुपये वस्तुतः भरलेले होते. त्या वर्षी दारी आलेल्या वसुली कारकुनाकडे मातोश्रींनी रोख पैसे दिले होते. पावती सापडली ती पोथीच्या पानांत, खूण म्हणून घातलेली! खात्यात मात्र ती रक्कम चढलेली नव्हती. मातोश्रींस वाटत होते की ती पावती दुसऱ्याच कसली तरी आहे. तिसऱ्या दिवशी त्या पावतीची छायाप्रत जोडून आम्ही लेखी अर्ज दिला आणि आमच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतली. मूळ पावती दाखविली, पण हातची सोडली नाही. कचेरीतील अधिकाऱ्यांनी पावतीपुस्तकाची स्थळप्रत शोधून पाहिली आणि सहाव्या दिवशी दुरुस्ती मान्य केली. मूळ करातील ३,६०० आणि त्यावरील पाच वर्षांची शास्ती ४,३२०, मिळून ७,९२० रुपये कमी झाले. उरले ३५,४२४.

दुसरी गोष्ट अशी की, घराची पुढची खोली एके काळी एका शिंप्यास भाड्याने दिलेली होती. तो २०१२ सालीच दुकान सोडून गेला; परंतु आकारणीच्या नोंदवहीत ती खोली अद्याप बिगरनिवासी म्हणूनच होती आणि तिच्यावर चढा दर लागत होता. बिगरनिवासी जागेवर रोजगार हमी कर बसतो, तोही लागत होता. याबाबत मात्र आम्हांस मागील वर्षांची सूट मिळाली नाही. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते, तीस चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. त्या वेळी नोटीस निघते आणि दिलेल्या मुदतीत हरकत घ्यावयाची असते. ती नोटीसही त्याच पुडक्यात होती, उघडलेली नव्हती. मुदत टळली म्हणजे मागचे हक्क सहसा पदरात पडत नाहीत. पुढील वर्षांसाठी तपासणी होऊन नोंद बदलली आणि वार्षिक पट्टी ३,६०० वरून २,८५० वर आली. न उघडलेल्या पाकिटाची किंमत काय असते, हे आम्हांस तेव्हा समजले.

मधल्या काळात आम्ही आणखी एक गोष्ट केली. अर्ज दिला त्याच दिवशी, ज्या रकमेबद्दल वाद नव्हता त्यापैकी १५,००० रुपये आम्ही भरून टाकले, आणि बाकीची रक्कम दुरुस्ती होताच भरतो असे अर्जातच लिहून दिले. वादाचा निकाल लागेपर्यंत एक पैही भरणार नाही, असा हट्ट धरल्याने शास्ती थांबत नाही आणि अधिकाऱ्यांचे मनही आपल्याकडे वळत नाही. थोडी रक्कम भरणारा मनुष्य थकबाकीदार असला तरी तो पळणारा नव्हे, हे कचेरीसही दिसते. सातव्या दिवशी राहिलेले २०,४२४ रुपये भरले, पावती घेतली, आणि काही दिवसांनी थकबाकी नसल्याचा दाखलाही घेतला. शास्ती माफ व्हावी असा अर्ज आम्ही केला होता. ती माफ झाली नाही. जे झाले ते जसेच्या तसे सांगतो आहोत.

आता जे सांगावयाचे आहे ते अधिक अवघड आहे. पैसे कोणी द्यावयाचे, हा प्रश्न. पहिल्या रात्रीच्या दूरध्वनीवर आमचे धाकटे बंधू म्हणाले, "दादा, सगळी रक्कम मी भरतो. पण मग घर माझ्या नावावर करून टाका. पुन्हा पुन्हा हा घोळ नको." बंधूंच्या संमतीनेच आम्ही हे येथे सांगत आहोत. ते लोभाने बोलले नव्हते. काळजीने आणि त्राग्याने बोलले. परंतु दूरध्वनीचा आवाज मोठा होता आणि मातोश्री शेजारीच बसल्या होत्या. त्या उठून आत गेल्या आणि हातातील पाटल्या काढून आमच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "या विका. माझ्या डोळ्यांदेखत घराची वाटणी नको."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. घरपट्टीपायी घर जाण्याचे भय एकीकडे, आणि घर वाचविताना घरातील माणसे एकमेकांस दुरावण्याचे भय दुसरीकडे. सकाळी भगिनीचा दूरध्वनी आला. ती म्हणाली, "तिघांनी सारखे भरू या. मला माहेरची भिंत नको, पण आई आहे तोवर माहेर हवे." ३५,४२४ भागिले तीन, म्हणजे प्रत्येकी ११,८०८ रुपये झाले. बंधूंनी तत्काळ होकार दिला, आणि पुढच्या रविवारी येऊन आईच्या पाटल्या स्वतःच्या हाताने तिच्या हातांत घातल्या.

या प्रसंगावरून कायद्याच्या दोन-तीन गोष्टी आम्हांस समजून घ्याव्या लागल्या; त्या आपल्याही उपयोगी पडतील. घरपट्टी भरल्याने कोणी घराचा मालक होत नाही. नगरपालिकेच्या कर आकारणी नोंदवहीत नाव असणे म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. ती नोंद कर कोणाकडून घ्यावयाचा यापुरती असते. वडिलांनी स्वतः मिळविलेले घर असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुली यांचा त्यात सारखा वाटा असतो. लेक सासरी गेली म्हणून तिचे नाव गाळता येत नाही. तिला वाटा सोडावयाचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते. आणि तो कागद थकबाकीच्या घाईगर्दीत, रडारडीत, पाठीमागे लकडा लावून करून घेणे हे कायद्यास धरून होईलही, पण नीतीस धरून होणार नाही. त्याचप्रमाणे आईवडिलांनी घर एका मुलास बक्षीस द्यावयाचे ठरविलेच, तर आपला सांभाळ करण्याची अट त्या कागदात स्पष्ट लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा सन २००७ चा कायदा अशा अटीचा भंग झाल्यास त्यांच्या पाठीशी उभा राहतो.

सर्वांची घरे नगरपरिषदेच्या हद्दीत नसतात, म्हणून थोडे इतर ठिकाणांविषयीही सांगतो. खेड्यात ग्रामपंचायतीचा कर सन १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली असतो. तेथे नमुना आठ म्हणजे आकारणीची नोंद आणि नमुना नऊ म्हणजे मागणीची नोंद. हे दोन उतारे मागून घ्यावेत. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांस १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ झालेला आहे. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घरास चाळीस टक्क्यांची सवलत २०२३ साली पुन्हा लागू झाली. तीसाठी विहित नमुन्यात अर्ज करावा लागतो. माजी सैनिक व त्यांच्या विधवा पत्नी यांच्यासाठी राज्यशासनाने २०२० साली घरपट्टीच्या माफीची योजना काढली. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांतून फौजेत गेलेले पुरुष आहेत. त्यांच्या वृद्ध विधवांस ही माहिती असतेच असे नाही. नगरसंस्था मधूनमधून अभय योजना जाहीर करतात व शास्तीत सूट देतात. राष्ट्रीय लोकअदालतीतही घरपट्टी-पाणीपट्टीची दाखलपूर्व प्रकरणे ठेवली जातात. अशी संधी आली तर ती जरूर साधावी. पण अभय येईल या आशेने कर थकवीत बसणे म्हणजे पाऊस पडेल म्हणून विहीर न खणण्यासारखे आहे.

कचेरीने उतारा देण्यास टाळाटाळ केली तर रागावून उपयोग नाही. माहितीच्या अधिकाराचा सन २००५ चा कायदा आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज केला असता तीस दिवसांत माहिती मिळावयास हवी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याखाली दाखले व नोंदी मुदतीत मिळण्याचा हक्कही नागरिकांस आहे. मात्र जप्तीची मुदत सात दिवसांची असेल तर तीस दिवसांचा मार्ग कामास येत नाही. तेव्हा स्वतः जाऊन, नम्रपणे, परंतु लेखी बोलावे हे उत्तम.

तीन माणसांपासून सावध राहण्याचेही येथे सुचवितो. "वर ओळख आहे, थोडे द्या, वॉरंट दाबून टाकतो" असे म्हणणारा मध्यस्थ. "घर गहाण टाका, रक्कम आजच देतो" असे म्हणणारा सावकार. आणि "नाहीतरी जप्त होणार, मलाच विका" असे म्हणणारा गिऱ्हाईक. जप्तीचा कागद दारी लागला की ही तिन्ही माणसे कोठून येतात कळत नाही. आमच्या मातोश्रींकडे त्यांपैकी एकजण येऊनही गेला होता! आता तर भ्रमणध्वनीवर खोटे संदेश पाठवून पैसे उकळणारेही निघाले आहेत. रक्कम कचेरीच्या खिडकीवर किंवा नगरसंस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरावी, आणि पावतीवाचून पैसा हातचा सोडू नये.

शेवटी, आपल्या मंडळापुढे दोन नम्र सूचना ठेवतो. पहिली अशी की, प्रत्येक गावच्या शाखेने दोन जाणत्या गृहस्थांची किंवा भगिनींची नावे ठरवून द्यावीत. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी वर्षातून दोन वेळा जाऊन त्यांनी देयक पाहावे, लागल्यास कचेरीत सोबत जावे. त्यासाठी निधी लागत नाही. वेळ व गोड शब्द लागतो. वृद्धांच्या घरची गोष्ट चार ठिकाणी न बोलण्याचे पथ्यही लागते. आमच्यासारखी निवृत्त मंडळी हे काम सहज करू शकतील. आमच्या गावापुरते आम्ही ते पत्करले आहे.

दुसरी सूचना घरोघरची आहे. लक्ष्मीपूजनास आपण चोपड्या, नाणी, दागिने पाटावर मांडतो. त्यांच्या शेजारी त्या वर्षीची घरपट्टीची पावतीही मांडावी. मुले, सुना, लेकी, जावई त्या दिवसांत घरी आलेले असतात. पावती असेल तर सर्वांनी ती पाहावी. नसेल तर कोणी रागावू नये, आईवडिलांस लाज वाटेल असे बोलू नये, आणि दिवाळी सरताच सर्वांनी मिळून ती भरावी. गेल्या तीन दिवाळ्या आमच्या घरी हा परिपाठ चालू आहे. चालू वर्षाची पट्टी आता मातोश्री स्वतः आपल्या कुटुंबनिवृत्तिवेतनातून भरतात. आम्ही भरू म्हटले तर ऐकत नाहीत. पहिल्या वर्षी आम्ही फक्त त्यांच्यासोबत खिडकीपर्यंत गेलो. पैसे त्यांनी स्वतः मोजले, पावतीवरील नाव चष्मा लावून वाचले, आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुझ्या वडिलांच्या तारेत लावायची आहे ही."

ती तार अजून तेथेच आहे, आणि तीत आता मध्ये खंड पडलेला नाही. सहा वर्षांची मिळून झालेली ती एक जाड पावतीही मातोश्रींनी त्याच तारेत ओवली आहे. आपणां सर्वांच्या वडीलधाऱ्यांच्या घरची तार अशीच अखंड राहो, एवढी प्रार्थना करून आम्ही आमचे भाषण संपवितो.